मुख्यालयापुढे भारताची पंचवार्षिक योजना कशी मांडावी

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड: यातल्या कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या कारखान्यात तुम्ही काम करता. साहेबांनी परवाच सांगितलंय की यंदापासून पाच वर्षांची योजना तुम्ही बघायची. मेलला गेल्या वर्षीचं भलंमोठं प्रेझेंटेशन जोडलंय आणि वर एकच ओळ, ‘अपडेट करून पाठव.’ हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी चाकणला एका जर्मन कंपनीच्या भारतीय उपकंपनीत नियोजन बघते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. या कामाबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बहुराष्ट्रीय कंपनीत भारताच्या योजनेची पहिली स्पर्धा असते ती कंपनीच्याच दुसऱ्या देशांशी. बाजारातले प्रतिस्पर्धी नंतर येतात. बोर्डापुढे जो तक्ता जातो त्यात भारताची फक्त एक ओळ असते. वरच्या ओळीत मेक्सिको असेल, खालच्या ओळीत पोलंड, आणि वाटायचा पैसा तेवढाच. ती एक ओळ कशी भरली जाते हे ज्याला कळलं, त्याची योजना मंजूर व्हायची शक्यता वाढते. भारताची लोकसंख्या, मध्यमवर्ग, दरमाणशी गाड्या हे आलेख तिथल्या लोकांनी शंभरदा पाहिलेले असतात. ते पहिल्या पानावरून काढून टाका.

तळेगाव नीट समजून घ्या

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. जुलै २०१५ मध्ये कंपनीनं भारतात शंभर कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. पुढच्या दोन वर्षांच्या आत, मे २०१७ मध्ये, त्याच कंपनीनं वर्षअखेर भारतातली विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ती गुंतवणूकही रद्द झाली. आपल्याकडे तेव्हा चर्चा झाली ती शेव्हरोले या त्यांच्या ब्रँडच्या खपाची, डीलरांची, सर्व्हिसची. खप कमी होता हे खरंच. पण त्याच घोषणेत दक्षिण आफ्रिकेतूनही माघार होती, आणि त्याच वर्षी कंपनीनं युरोपातली ओपेल विकून टाकली. डेट्रॉइटच्या मुख्यालयात जगभरचा हिशेब एकत्र मांडला जात होता आणि त्यात भारताची ओळ टिकली नाही.

तळेगावहून निर्यात मात्र डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहिली, मुख्यतः मेक्सिकोला. ‘देशातला खप नसला तरी निर्यातीवर कारखाना तगेल’ असं कुणी तुमच्या योजनेत लिहू पाहत असेल तर त्याला हे दाखवा. दुसऱ्या देशातल्या एखाद्या मॉडेलवर उभी असलेली निर्यात त्या मॉडेलच्या आयुष्याएवढीच टिकते.

तेव्हा योजनेला हात लावण्याआधी मुख्यालयातल्या फायनान्स कंट्रोलरला एक छोटी मेल करा आणि तीन गोष्टी लेखी विचारा: नव्या गुंतवणुकीवर किमान किती टक्के परतावा धरता, पैसा किती वर्षांत परत यायला हवा, आणि पुढच्या पाच वर्षांच्या एकूण भांडवली खर्चातला किती भाग आधीच कुठं बांधलेला आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण मिळणार नाही, पण जेवढं मिळेल तेवढं सोन्याचं. जर्मनीतल्या इलेक्ट्रिक प्रकल्पानं पहिली तीन वर्षं गिळली असतील, तर तुमची मोठी मागणी पहिल्या वर्षात ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षात लहान मागा आणि मोठी चौथ्या वर्षात न्या. मागणी तीच राहते, पण नाकारली जाण्याचं एक मोठं कारण उरत नाही.

मग भारताचं पान बनवा, आणि त्यावर या प्रश्नाचं उत्तर द्या: समूहाची कुठली अडचण भारत सोडवतो? कमी किमतीचं इंजिनीअरिंग असेल, युरोपात बंद होणाऱ्या जुन्या उत्पादनाचे सुटे भाग पुढची दहा वर्षं बनवणं असेल, चीनखेरीज दुसरा पुरवठा-स्रोत असेल. जे खरं आहे तेच लिहा. तीनही लिहिली तर एकावरही विश्वास बसत नाही.

कोण ठरवणार, हे आधी ठरवून घ्या

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुराष्ट्रीय कंपनीत निर्णय रखडतात ते बहुतेक वेळा मतभेदामुळं रखडत नाहीत. निर्णय नक्की कुणाचा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून रखडतात. चाकणचा परचेस मॅनेजर इथल्या प्लांट हेडला रिपोर्ट करतो आणि डॉटेड लाइननं, म्हणजे दुय्यम नात्यानं, तिकडच्या ग्लोबल परचेस हेडलाही. दोघांची टार्गेट वेगळी. मधला माणूस मग दोघांनाही ‘हो’ म्हणतो.

आमच्या रोजच्या कामातलं एक उदाहरण देते. एक स्टीलचा ब्रॅकेट आहे. ड्रॉइंगवर युरोपीय मानकाचं हाय-स्ट्रेंथ स्टील लिहिलंय, त्याची कॉइल आयात होते. इथल्या स्टील कंपनीकडे त्याच ताकदीचा ग्रेड मिळतो. समजा एका ब्रॅकेटमागे १४ रुपये वाचतात आणि वर्षाला ६ लाख ब्रॅकेट लागतात, म्हणजे ८४ लाख रुपये. चाकणमध्ये ही रक्कम मोठी आहे. आता हा कागद कुठं कुठं जातो ते बघा. इथला डिझाइन इंजिनीअर ड्रॉइंग बदलाची विनंती टाकतो. ती तिकडच्या प्रॉडक्ट इंजिनीअरकडे जाते, कारण ड्रॉइंगचा मालक तो. तो ती मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिथं ताकदीच्या आणि गंजाच्या तपासण्या, म्हणजे टेन्साइल, बेंड, वेल्डिंगनंतरची फटीग टेस्ट आणि सॉल्ट स्प्रे, कराव्या लागतात, आणि प्रयोगशाळेत आधीच नव्या मॉडेलच्या तपासण्यांची रांग लागलेली असते. तपासण्या पास झाल्या तरी पुढं सप्लायरचं पीपॅप, म्हणजे भाग ठरल्याप्रमाणे बनतोय याची कागदोपत्री मंजुरी, बाकी. या साखळीतल्या एकाही माणसाच्या वार्षिक टार्गेटमध्ये ते ८४ लाख कुठंच नाहीत. युरो शंभर रुपये धरला तर ती रक्कम होते ८४ हजार युरो, आणि तिकडच्या मटेरियल विभागाच्या खर्चापुढं ती दिसतसुद्धा नाही. उलट ब्रॅकेट तुटला तर सही मात्र प्रॉडक्ट इंजिनीअरची. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? फाइल खाली ठेवली असती.

इथं पुष्कळ लोक चिडतात आणि ‘जर्मन लोकांना भारत कळत नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यानं काही हलत नाही. मांडणी बदला. एका ब्रॅकेटची परवानगी मागू नका, स्टीलच्या ग्रेडची मागा. त्या ग्रेडमध्ये बसणारे सगळे भाग एकत्र करा, सगळ्यांची वर्षाची बचत एका आकड्यात युरोमध्ये लिहा. प्रयोगशाळेनं ग्रेड एकदाच तपासायचा, आणि पुढं त्या ग्रेडमधल्या, ठरावीक जाडीच्या आतल्या, सुरक्षेशी संबंध नसलेल्या भागांची मंजुरी इथली लॅब देईल, असा लेखी अधिकार मागा. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्टच्या अँकरेजचे भाग स्वतःहून यादीबाहेर ठेवा. ते बाहेर ठेवलेत हे पाहिल्यावर समोरच्याचा खांदा सैल पडतो. आणि ती बचत तिकडच्या मटेरियल हेडच्या टार्गेट शीटमध्ये त्याच्या नावानं जाईल अशी व्यवस्था करा. श्रेय कुणाकडे जातंय यावर वाद घालू नका.

हाच विचार आता सगळ्या योजनेला लावा. एक एक्सेल शीट उघडा. डावीकडे निर्णय लिहा: नवं उत्पादन, उत्पादनात स्थानिक बदल, सप्लायर निवड, विक्री किंमत, भांडवली खर्च, वरिष्ठांची नेमणूक, निर्यातीचे ऑर्डर कुठल्या प्लांटला. उजवीकडे चार रकाने: कोण ठरवतो, कुणाचं मत घ्यावं लागतं, कोण अडवू शकतो, किती दिवसांत. पहिल्या रकान्यात दोन नावं आली तर तिथं पेन थांबवा. तो निर्णय दोघांचा नाही, कुणाचाच नाही असं समजा, आणि योजनेतली तुमची पहिली मागणी पैशाची न ठेवता त्या रकान्यात एक नाव ठेवून देण्याची ठेवा. माझ्या अनुभवात ही मागणी पैशाच्या मागणीपेक्षा लवकर मान्य होते, आणि तिचा उपयोग जास्त दिवस होतो.

चाकणमध्येच याचं मोठं उदाहरण आहे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. पोलो आली, तिला लोकांनी मनापासून प्रेम दिलं, पण एकूण बाजारातला हिस्सा लहानच राहिला. २०१६ मध्ये खास भारतासाठी अमियो आणली, चार मीटरच्या आत बसवलेली सेडान, लांबी ३,९९५ मिलिमीटर. बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आल्यावर २०२० मध्ये ती बंद झाली. खरा बदल झाला तो २०१८ मध्ये. ‘इंडिया २.०’ नावाखाली शंभर कोटी युरोंची गुंतवणूक ठरली. तिच्याबरोबर भारताची जबाबदारी समूहातल्या स्कोडाकडे दिली गेली, पुण्यात तंत्रज्ञान केंद्र उघडलं, आणि २०१९ मध्ये भारतातल्या तीन कंपन्यांची एक कंपनी झाली. समूहाचा जागतिक प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, घेऊन तो भारतासाठी बदलला गेला, ९५ टक्क्यांपर्यंत भाग देशातले ठरवले गेले. कुशाक आणि टायगुन या गाड्या २०२१ मध्ये त्यातूनच आल्या. पैशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे उत्तर कुणाला विचारायचं हे त्या दिवशी ठरलं. तुमची कंपनी लहान असली तरी पद्धत हीच: अधिकार, इंजिनीअरिंग आणि पैसा हे तिन्ही एकाच ठरावात मागा. यातलं एक राहिलं की बाकीची दोन लंगडतात.

भारतातले नियम तारखांत आणि रुपयांत लिहा

मुख्यालयाला पाठवलेल्या योजनांत ‘भारतातलं नियामक वातावरण गुंतागुंतीचं आहे’ असं एक वाक्य हमखास असतं. ते वाक्य वाचून कुणी काही ठरवू शकत नाही. त्याऐवजी नियम, तारीख आणि रक्कम लिहा.

चार मीटरचा नियम घ्या. युरोपातल्या इंजिनीअरला ही मर्यादा विचित्र वाटते, कारण तिचा सुरक्षेशी किंवा प्रदूषणाशी थेट संबंध नाही. २००६ पासून लहान गाडीला कर कमी आहे, आणि लहान गाडी म्हणजे लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि मोठीवर ४०. आता गणित दाखवा. करापूर्वी ७ लाखांची गाडी १८ टक्क्यांनी होते ८ लाख २६ हजार, आणि ४० टक्क्यांनी ९ लाख ८० हजार. फरक १ लाख ५४ हजार रुपये. ‘बंपर दहा मिलिमीटर लांब राहिला तर ग्राहक दीड लाख जास्त देईल’ हे वाक्य लिहिलं की डिझाइनवाल्यांशी पुढची चर्चा अर्ध्या वेळात संपते.

तारखांच्या बाबतीत एक गोष्ट कधीही गृहीत धरू नका. ती तारीख उत्पादनाची आहे, विक्रीची की नोंदणीची? बीएस-३ गाड्यांचं काय झालं आठवतं? १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ लागू होणार होतं. कंपन्यांनी त्या तारखेचा अर्थ लावला तो उत्पादनापुरता, आधी बनवलेल्या गाड्या नंतर विकता येतील असा. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं विक्री आणि नोंदणी दोन्हींवर बंदी घातली. देशभर आठ लाखांहून जास्त गाड्या स्टॉकमध्ये होत्या, त्यात बहुतेक दुचाकी. पुढचे दोन दिवस शोरूमबाहेर सवलतींच्या पाट्या आणि रांगा लागल्या. त्यानंतर बीएस-६ ची वेळ आली तेव्हा २०१८ मध्येच न्यायालयानं सांगून टाकलं की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ विकता येणार नाही, आणि या वेळी कंपन्या आधीपासून स्टॉक उतरवत होत्या. तुमच्या योजनेच्या धोक्याच्या पानावर मंत्रालयाच्या अधिसूचनांबरोबर न्यायालयात चालू असलेली प्रकरणंही हवीत. परदेशी मुख्यालयाला हे सुचत नाही, कारण त्यांच्याकडे कायद्याची तारीख अशी शेवटच्या आठवड्यात बदलत नाही. ते सांगणं तुमचं काम.

बीएस-६ च्या बाबतीत सरकारनं कंपन्यांना चार वर्षं दिली होती. जानेवारी २०१६ मध्ये बीएस-५ वगळून थेट सहावर जायचं जाहीर झालं, लागू झालं एप्रिल २०२० ला. ज्या भारतीय टीमनं ते २०१६ च्या योजनेत रकमेसह लिहिलं तिला पैसा वेळेवर मागता आला. ज्यांनी ‘सरकार मुदत वाढवेल’ असं गृहीत धरलं त्यांना २०१९ मध्ये धावपळ करावी लागली. पुढच्या कडक नियमांच्या बाबतीतही मसुदा बाहेर आला त्या आठवड्यातच आकडा काढा, कच्चा असला तरी चालेल.

देशादेशांतल्या संबंधांचाही आता याच पानावर हिशेब द्यावा लागतो. तळेगावचा तोच कारखाना विकत घ्यायला चीनची ग्रेट वॉल मोटर आली होती. करार जानेवारी २०२० मध्ये झाला. एप्रिल २०२० मध्ये भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली. ती मिळाली नाही, आणि २०२२ मध्ये करार मोडला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घेण्याचा करार केला. मधली वर्षं ती यंत्रं, ती जागा आणि ते कामगार यांच्या वाट्याला फक्त वाट बघणं आलं.

नफा कुठं दिसतो ते दाखवा

भारताची कंपनी तोट्यात आहे, असं मुख्यालयातल्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं. बरेचदा ते अर्धंच खरं असतं. समजा पालक कंपनी आपल्याला एक सबअसेंब्ली ६० युरोला विकते आणि तिला ती ४८ युरोला पडते. आपण तयार माल विकतो तेव्हा आपल्या वहीत २ युरोंचा तोटा दिसतो. पण समूहाच्या खिशात त्याच नगामागे १० युरो आले. म्हणून योजनेत दोन ओळी ठेवा: भारतीय कंपनीचा नफा-तोटा आणि भारतातल्या विक्रीतून समूहाला मिळालेला एकूण नफा. रॉयल्टी आणि ब्रँड-फी दुसऱ्या ओळीत स्पष्ट दाखवा.

हे करताना टॅक्सच्या माणसाला शेजारी बसवा. एप्रिल २००१ पासून भारतात ट्रान्सफर प्रायसिंगचे नियम आहेत. समूहातल्या दोन कंपन्यांनी एकमेकींना लावलेली किंमत परक्या कंपनीला लावली असती तेवढीच हवी, आणि सीएचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. वर्षानुवर्षं तोट्यात राहून आयात करत राहणारी उपकंपनी प्राप्तिकर अधिकाऱ्याच्या नजरेत येतेच. तुमच्या सोयीसाठी किंमत वाटेल तशी खाली आणता येणार नाही, पण ती आहे तशी का आहे हे विचारायचा हक्क आणि कारण दोन्ही तुमच्याकडे आहेत. भारतातल्या शेअर बाजारात नोंदलेली उपकंपनी असेल तर इथले छोटे भागधारकही हाच प्रश्न विचारतात, तोही तिकडं कळवा.

विनिमय दराबद्दल थोडक्यात: योजनेचा दर पहिल्या पानावर लिहा आणि रुपया दहा टक्क्यांनी घसरला तर काय होईल ते एका ओळीत द्या. आयातीवर चालणाऱ्या प्लांटला आणि निर्यात करणाऱ्या प्लांटला याचं उत्तर उलटं येतं.

कॅलेंडरवर त्यांचे आणि आपले सण

आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मन आणि अमेरिकन कंपन्यांचं बहुतेक जानेवारी ते डिसेंबर, जपान्यांचं पुष्कळदा आपल्यासारखंच. जर्मनीत ऑगस्टभर निम्मं ऑफिस सुटीवर असतं. ते परततात तेव्हा इकडं गणपती, मग दसरा-दिवाळी. अमेरिकन मुख्यालय असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यानंतर कुणी हाताशी लागत नाही. पुढच्या वर्षाचं बजेट शरद ऋतूत गोठतं, म्हणजे तुमचं म्हणणं जुलैच्या मध्यापर्यंत त्यांच्या आकड्यांत शिरलेलं हवं. जो माणूस सप्टेंबरात पहिला मसुदा पाठवतो तो त्याच्याही पुढच्या वर्षासाठी पाठवतो.

मोठ्या मीटिंगमध्ये कुणाचंही मत बदलत नाही. मत बदलतं ते त्याआधीच्या एकेकट्या फोनवर. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, तेव्हा माणूस ताजा असतो. त्या वेळेला एकेकाला गाठा आणि फक्त त्याच्या विभागाचं पान दाखवा. जपानी कंपनीत तर हे टाळलं तर चालतच नाही, कारण तिथं मीटिंगला येईपर्यंत सगळ्यांचं ठरलेलं असावं अशी अपेक्षा असते. आणि अशा फोनवर न जमणाऱ्या तारखेला ‘हो, करू’ म्हणू नका. आपल्याकडं वरच्याला नाही म्हणणं जड जातं हे मला माहीत आहे. पण तिकडं ती तारीख प्लॅनमध्ये जाते, तिच्यावर दुसऱ्या तीन देशांच्या तारखा बसतात, आणि ती चुकली की पुढच्या वर्षी तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ‘मार्चमध्ये जमणार नाही, जूनमध्ये नक्की, कारण मे संपेपर्यंत शेडचं काम चालेल’ असं सरळ सांगा. कारण दिलं की माणसं ऐकतात.

मुख्यालय पुण्यात असेल तर

उलट्या बाजूला बसलेल्यांसाठी एवढंच. मुंढव्याच्या भारत फोर्जनं २००४ मध्ये जर्मनीतली सीडीपी ही फोर्जिंग कंपनी घेतली. त्यानंतर कंपनीनं धरलेलं धोरण असं होतं की ग्राहकाजवळच्या युरोपातल्या प्लांटमध्ये आणि भारतात, दोन्हीकडं तोच भाग बनवता यावा. तिथलं तंत्र आणि ग्राहकाशी असलेली जवळीक, इथली क्षमता आणि खर्च. तुम्ही पुण्यातून परदेशातला प्लांट चालवत असाल तर वर सांगितलेला ‘कोण ठरवणार’ तक्ता तुम्हीच त्यांना पहिल्या महिन्यात पाठवा. आपल्याला मुख्यालयाकडून जे मिळत नाही म्हणून आपण तक्रार करतो, ते आपण देतोय का हे त्यातून लगेच दिसतं.

भागीदारीबद्दलही हाच नियम लागतो. बजाजनं २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि लहान इंजिनांच्या मोटरसायकली चाकणला बनू लागल्या, मोठ्या ऑस्ट्रियात राहिल्या. कामाची वाटणी इतकी स्वच्छ असली की रोजच्या भांडणांना जागा कमी उरते.

थांबायचं पान

हे पान कुणी मागत नाही, तरी लिहा. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तेव्हा दहा वर्षांत दोनशे कोटी डॉलरहून जास्त तोटा झाल्याचं सांगितलं. त्याआधी महिंद्राबरोबर संयुक्त कंपनी ठरली होती, २०२० च्या शेवटी ती रद्द झाली. दहा वर्षांचा तोटा एका दिवसात कळत नाही. तो दरवर्षी दिसत असतो, आणि दरवर्षी ‘पुढच्या मॉडेलनं भरून निघेल’ असं लिहिलेलं असतं.

म्हणून तुमच्या योजनेत आधीच लिहा: कुठला आकडा कुठल्या तारखेपर्यंत आला नाही तर आपण स्वतःहून पर्याय मांडू. खप, क्षमतेचा वापर, रोख रक्कम यांतले एकदोन पुरे. आणि पर्याय चढत्या क्रमानं: एक शिफ्ट कमी करणं, दुसऱ्या कंपनीसाठी कंत्राटी उत्पादन घेणं, भागीदार आणणं, विक्री. बंद करणं सगळ्यात शेवटी. हे भारतातल्या टीमनं लिहिलं तर इथल्या माणसांचा विचार त्यात येतो. तिकडच्यांनी लिहिलं तर फक्त रक्कम येते. तळेगावात उत्पादन थांबल्यावर कामगारांचा वाद न्यायालयात गेला. लाइनवर उभा राहणारा माणूस, त्याचं वडगावातलं घराचं कर्ज, ब्रॅकेट पुरवणारा भोसरीचा चाळीस माणसांचा वर्कशॉपवाला, यांच्यासाठी किती महिन्यांची आगाऊ सूचना, किती भरपाई, कुठलं प्रशिक्षण, सप्लायरच्या टूलिंगचे उरलेले पैसे कोण देणार, हे आकडे त्या पानावर आजच असायला हवेत. कंपनी बरी चाललेली असताना हे आकडे मंजूर होतात. संकट आल्यावर त्यासाठी पैसा शोधावा लागतो आणि तो कमी पडतो. मी या पानासाठी दरवर्षी आग्रह धरते आणि तुम्हीही धरावा असं मला मनापासून वाटतं.

नकार आला तर

मंजुरीपेक्षा नकार जास्त वेळा येतो. मीटिंग संपायच्या आत तीन गोष्टी विचारून घ्या: कुठला आकडा कमी पडला, तो किती असता तर चाललं असतं, आणि हा विषय पुन्हा कुठल्या बैठकीत उघडता येईल. ‘सध्या नको’ हे उत्तर घेऊन फोन ठेवू नका. त्याच संध्याकाळी, त्यांचं ऑफिस सुटायच्या आत, सगळ्यांना चार ओळींचे मिनिट्स पाठवा. त्यात ते तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहा, आणि शेवटी पुढच्या बैठकीची तारीख. कुणी दुरुस्ती सुचवली नाही तर तो मजकूर मान्य धरला जाईल, हेही त्यात असू द्या. मग एक्सेल शीटमधल्या त्या निर्णयासमोर ती तारीख भरा, आणि कमी पडलेल्या आकड्यावर इथल्या कुणाचं तरी नाव टाका, म्हणजे त्या तारखेपर्यंत आकडा हलवायची जबाबदारी कुणाची ते ठरलेलं असेल.